दारोदारी मोजलेलं दुखणं

पावसाळा लागला की पिंपळगाव रेणुकाईच्या शिवारात मिरचीची तोडणी सुरू होते. भोकरदन तालुक्यातलं हे गाव हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जातं. तोडणी बहुतेक बायांच्या हातची. दिवसभर सरीत वाकून एका हाताने फांदी धरायची आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी देठ मोडायचा. संध्याकाळपर्यंत कंबर धरते, बोटं आखडतात. समजा, अशा तोडणीवर तीन बाया आहेत आणि तिघींचेही सांधे दुखतात. एकीची मूठ सकाळी उठल्यावर तासभर वळत नाही, दोन्ही मनगटं सुजलेली असतात, आणि काम सुरू केलं की उलट थोडं मोकळं वाटतं. दुसरीचा गुडघा चढावर दुखतो आणि बसलं की निवतो. तिसरीला काही महिन्यांपूर्वी कडक ताप येऊन गेला, ताप उतरला पण घोटे आणि बोटं काही सुटली नाहीत. तिघी एकमेकींना एकच सांगतात, वात झालाय. बरेचदा तिघींना गोळीही एकच मिळते, दुखणं मारणारी.

पहिलीला बहुधा आमवात आहे, डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो. तिच्या शरीराची संरक्षणव्यवस्थाच सांध्यांच्या अस्तरावर उलटली आहे. वेळेत योग्य औषध नाही मिळालं तर काही वर्षांत बोटं कायमची वाकडी होतील. दुसरीच्या गुडघ्यातली कूर्चा झिजते आहे. तिसरीला चिकुनगुन्याने धरलं असावं, आणि तिचं दुखणं बहुधा आपोआप ओसरेल. एकीला जे औषध वाचवेल ते दुसरीला निरुपयोगी आणि तिसरीला अनावश्यक. हा भेद वेळेवर ओळखायचा, आणि पुढे जाऊन पहिलीसारख्याच दहा जणींपैकी कोणत्या बाईला कोणतं औषध लागू पडेल हेही आधी सांगायचं, या ध्येयाला आज प्रिसिजन मेडिसिन म्हणतात. त्यासाठी लाखो माणसांच्या नोंदी, जनुकं, एक्स-रे एकत्र करून संगणकाला त्यातले आकृतिबंध शोधायला लावतात. हे काम लंडन, बोस्टन, हेलसिंकीकडचं आहे असं आपण धरून चालतो. पण त्याचा एक पाया महाराष्ट्रातल्या एका गावात, १९९६ साली, कागदी फॉर्म घेऊन दारोदारी फिरणाऱ्या स्वयंसेवकांनी घातला. ती हकीकत मराठी वाचकाला नीट ठाऊक असावी असं मला मनापासून वाटतं.

सांध्यांचं दुखणं मोजण्याची आधुनिक रीत इंग्लंडातल्या कोळसाखाणींच्या टापूत आकाराला आली. दुसऱ्या महायुद्धानंतर मँचेस्टरचे जोनास केलग्रेन आणि त्यांचे सहकारी जॉन लॉरेन्स यांनी लँकेशायरमधल्या ली या गावच्या खाणकामगारांची आणि रहिवाशांची तपासणी केली. दवाखान्यात येणारा रुग्ण पाहून रोग समजत नाही, न येणाराही पाहावा लागतो, ही त्यांची धारणा होती. १९५७ साली त्यांनी गुडघ्याच्या आणि इतर सांध्यांच्या एक्स-रेवरून झीज मोजण्याची शून्य ते चार अशी श्रेणी मांडली. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ती प्रमाण मानली. जालन्यात किंवा संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात आज कोणी गुडघ्याचा एक्स-रे पाहून 'ग्रेड थ्री' म्हणतं तेव्हा ते सत्तर वर्षांपूर्वीच्या लँकेशायरची पट्टी वापरत असतं. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे ती फार महत्त्वाची ठरते.

औषधांच्या बाजूला त्याच काळात दोन मोठ्या घटना घडल्या. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका तरुण बाईला कॉर्टिसोन टोचलं. काही दिवसांत ती चालायला लागली. १९५० साली हेंच, केंडाल आणि राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं, आणि पाठोपाठ स्टिरॉइडचे दुष्परिणामही जगाला कळू लागले. हाडं ठिसूळ होणं, चेहरा सुजणं, साखर वाढणं. खेड्यापाड्यांत 'रामबाण' म्हणून विकल्या जाणाऱ्या सांधेदुखीच्या पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं ते याच झटपट गुणामुळे. दुसरी घटना हळू घडली. आंध्रातून अमेरिकेत गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेत फोलिक आम्लाला अडवणारी रसायनं तयार झाली, ती रक्ताच्या कर्करोगासाठी. त्याच कुळातलं औषध आमवातावर चालतं असं १९५१ मध्ये गब्नर यांच्या लक्षात आलं, पण तिकडे फारसं कोणी लक्ष दिलं नाही. १९८०च्या दशकात चाचण्या झाल्या आणि १९८८ साली अमेरिकेने मेथोट्रेक्सेटला आमवातासाठी मान्यता दिली. आठवड्यातून एकदाच घ्यायची ही स्वस्त गोळी आजही जगभर आमवाताचं पहिलं औषध आहे. ती रोजची समजून घेतली तर जिवावर बेतते, आणि योग्य घेऊनही सगळ्यांना सारखी लागू पडत नाही. काहींचे सांधे तीन महिन्यांत शांत होतात. काहींना काहीच फरक पडत नाही, आणि काहींना मळमळ, यकृताचा त्रास असं काही होऊन ती सोडावी लागते. कोणाचं काय होणार हे आधी कसं कळावं, हा प्रश्न तिथेच जन्मला.

पण त्याही आधीचा, अधिक साधा प्रश्न भारतात अनुत्तरित होता. आपल्याकडे सांध्यांचे रुग्ण किती आणि कोणत्या प्रकारच्या रोगाचे? दवाखान्यांच्या नोंदी होत्या, पण दवाखान्यापर्यंत पोचणाऱ्यांच्याच. रोजंदारीवरची बाई मनगट सुजलं म्हणून शहरात जात नाही. ती हात बांधते आणि कामाला जाते. नोंदवहीत ती कधी येतच नाही.

हे ओळखून १९८१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना इलार यांनी मिळून एक कार्यक्रम सुरू केला. त्याचं लघुनाव कॉपकॉर्ड. कल्पना साधी आणि गरीब देशांना परवडणारी होती. आधी गावातली शिकलेली माणसं घरोघर जाऊन फक्त विचारतील, दुखतं का, कुठे, किती दिवस. ज्यांचं दुखतं त्यांच्यासाठी दुसरा, तपशीलवार फॉर्म. आणि शेवटी तज्ज्ञ डॉक्टर स्वतः हात लावून सांधे तपासतील. महागड्या तपासण्या शक्य तितक्या शेवटी. न्यूझीलंडचे विगली आणि फिलिपिन्सचे मनाहान यांनी फिलिपिन्समध्ये, दारमावान यांनी इंडोनेशियातल्या जावामध्ये या रीतीने काम केलं. भारतात दिल्लीच्या एम्समधले डॉ. अ. ना. मालवीय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरियाणातल्या बल्लभगडच्या गावांमध्ये जवळजवळ ४० हजार प्रौढांची आमवातासाठी पाहणी केली. त्यांना २९९ रुग्ण सापडले, म्हणजे ०.७५ टक्के. १९९३ साली ते प्रसिद्ध झालं. उष्ण देशांत आमवात विरळाच असतो, हा समज त्याने ढिला केला. मात्र ती पाहणी मुख्यतः एका रोगाची होती. गावातल्या एकूण दुखण्याचा हिशेब अजून व्हायचा होता.

तो झाला भिगवणला. पुणे-सोलापूर रस्त्यावरचं, इंदापूर तालुक्यातलं हे गाव. उजनीच्या धरणाचं पाणी पाठीमागे पसरलेलं, शेती आणि मासेमारी दोन्ही, हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला येणारे हौशी लोक. पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसिजेसचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये इथे कॉपकॉर्डची पाहणी घेतली. गावातल्या आणि आसपासच्या स्वयंसेवकांना शिकवून तयार केलं. प्रश्न मराठीत होते. फॉर्मवर माणसाच्या शरीराची आकृती छापलेली होती. ज्याला दुखतं त्याने त्या आकृतीवर जागा दाखवायची, स्वयंसेवकाने खूण करायची. ज्याला अक्षर येत नाही त्याचं दुखणंही अशा खुणेने कागदावर नेमकं उतरलं. डेटा सायन्सची परिभाषा तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हती. पण विदा गोळा करायची ही रीत कोणत्याही परिभाषेत उत्तमच म्हणावी लागेल. प्रत्येकाला तोच प्रश्न त्याच क्रमाने विचारला गेला, आणि 'नाही' म्हणणाराही मोजला गेला.

भिगवणने कॉपकॉर्डमध्ये एक महत्त्वाचा बदल केला. आधीच्या देशांत तिन्ही टप्पे एकामागून एक होत. सगळं गाव विचारून झालं की मग दुसरा फॉर्म, तो संपला की मग डॉक्टर. मधल्या काळात माणसं कामाला निघून जात, दुखणी बदलत, उत्साह ओसरे. चोप्रांच्या पथकाने तिन्ही टप्पे बरोबरच चालवले. पुढच्या गल्लीत घरोघर विचारणं चालू, तर मागच्या गल्लीतल्या दुखणेकऱ्यांचा दुसरा फॉर्म भरला जातोय, आणि त्यांच्यातलेच काही डॉक्टरांसमोर बसले आहेत. अशा रीतीने सगळी पाहणी पाच आठवड्यांत आटोपली. ६,०३४ लोकसंख्येतले ४,०९२ प्रौढ नोंदले गेले. प्रतिसाद ८९ टक्के. या शेवटच्या आकड्याकडे सहसा कोणी पाहत नाही, पण सगळी विश्वासार्हता त्यातच आहे. दहातल्या नऊ जणांनी दार उघडलं, बसून उत्तरं दिली, म्हणून पुढचा प्रत्येक आकडा खरा मानता येतो.

काय हाती लागलं? ७४६ प्रौढांना सांध्यांचं किंवा स्नायूंचं दुखणं होतं, म्हणजे १८.२ टक्के. साधारण पाचातला एक. गुडघा आणि कंबर सर्वांत पुढे. सांध्यांची झीज ५.८ टक्क्यांना. जवळजवळ तितक्यांनाच स्नायू, कंडरा अशा सांध्यांभोवतीच्या मऊ भागांची दुखणी. आमवात ०.५ टक्के, म्हणजे त्या एका गावात वीसेक माणसं. आणि एक मोठा गट असा, ज्यांचं दुखणं खरं होतं पण पाठ्यपुस्तकातल्या कोणत्याही नावाखाली बसत नव्हतं. बायांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त. वीसेक माणसं हा आकडा किरकोळ वाटेल. पण तेव्हा महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात संधिवाताचा तज्ज्ञ शोधूनही सापडत नव्हता, आणि प्रत्येक मोठ्या गावात मनगटं झिजवणाऱ्या या रोगाची अशी वीसेक माणसं आपापल्या घरात होती. राज्यातली गावं मनात मोजून पाहा, मग अंगावर काटा येतो.

पाहणीनंतर पथक पाठ फिरवून गेलं नाही. गावात तपासणी आणि आरोग्यशिक्षण पुढे चालू राहिलं. आपलं दुखणं कशाने झालं असं लोकांना वाटतं, कष्टाने, वयाने की नशिबाने, आणि त्यामुळे काय करायचं थांबतं, याचीही नोंद झाली. २००१ आणि २००२ साली हे सगळं वैद्यकीय नियतकालिकांत आलं. 'भिगवण मॉडेल' या नावाने ही जलद रीत पुढे पुणे शहरातल्या पाहणीतही वापरली गेली. २००० ते २०१० हे दशक जगभर 'हाडं आणि सांध्यांचं दशक' म्हणून पाळलं गेलं. त्या काळात भारतात वेगवेगळ्या राज्यांतल्या ठिकाणी मिळून ५० हजारांहून अधिक लोकांची अशीच पाहणी झाली. आमवाताचं प्रमाण ठिकाणागणिक बदलत होतं. ते का बदलतं याचं उत्तर अंशतः जनुकांत, अंशतः जगण्यात शोधावं लागणार होतं.

मग २००६ उजाडलं आणि सगळ्या हिशेबात एक परका पाहुणा शिरला. चिकुनगुन्या महाराष्ट्राला अगदी अनोळखी नव्हता. १९७३ मध्ये बार्शीत त्याची साथ येऊन गेली होती आणि पुण्याच्या विषाणुसंस्थेने तिचा अभ्यास केला होता. नंतर तो तीस-बत्तीस वर्षं गप्प राहिला. २००५च्या अखेरीस तो परतला, यावेळी आफ्रिकी वाणाच्या विषाणूसह, आणि २००६ मध्ये देशभर जवळजवळ १४ लाख संशयित रुग्ण झाले. मराठवाड्यात घरंच्या घरं अंथरुणाला खिळली. ताप चारपाच दिवसांचा, पण सांधे महिनोन्महिने. बोटं सुजायची, सकाळी मूठ वळायची नाही, आमवाताचीच हुबेहूब नक्कल. अशा रुग्णाला घाईने आमवाताचं औषध सुरू करणं चूक, आणि 'चिकुनगुन्या आहे, जाईल' म्हणून खरा आमवात सोडून देणंही तितकंच चूक. चोप्रांच्या पथकाने सोलापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या रुग्णांवर दोन वर्षं लक्ष ठेवलं. बहुतेकांची दुखणी त्या काळात ओसरली. थोड्यांची राहिली, आणि त्यातल्या मोजक्यांना खरोखर सांध्याचा दाह होता. ही कालरेषा हाती आल्यामुळे डॉक्टरला वाट कधीपर्यंत पाहायची हे सांगता येऊ लागलं. मिरचीच्या सरीतली ती तिसरी बाई अशा नोंदीमुळेच पहिलीपासून वेगळी ओळखता येते. त्यासाठी यंत्र लागत नाही. तापाची तारीख विचारावी लागते, आणि सहा महिन्यांनी पुन्हा जाऊन विचारावं लागतं.

दरम्यान पुण्यातच हा शोध रक्ताच्या थेंबापर्यंत गेला. आमवाताशी सर्वांत घट्ट जुळलेलं जनुक एचएलए-डीआरबी१. ते संरक्षणव्यवस्थेला आपलं आणि परकं ओळखायला शिकवतं. २००५ मध्ये पुणे विद्यापीठातले डॉ. भूषण पटवर्धन, डॉ. कल्पना जोशी आणि डॉ. चोप्रा यांनी ७६ जणांची प्रकृती आयुर्वेदाच्या पद्धतीने ठरवली आणि त्यांच्या या जनुकाचा प्रकार पाहिला. काही प्रकार विशिष्ट प्रकृतीच्या लोकांत आढळलेच नाहीत. त्यांनी ते गृहीतक म्हणून मांडलं. ७६ माणसांवरून यापलीकडे जाता येत नाही. पण माणसामाणसांतला फरक हा उपचाराचा आरंभबिंदू धरायचा, ही आपल्याकडची जुनी दृष्टी जनुकांच्या कसोटीला लावायचं धैर्य त्यात होतं, आणि त्याचा मला आदर वाटतो. आयुर्वेदाचा ग्रंथकार माधवकर याने बाराशेहून अधिक वर्षांपूर्वी आमवाताचं वर्णन करताना तोच भेद धरला होता, वाताचा आमवात वेगळा, कफाचा वेगळा. अशा दाव्याला पुरावा द्यायचा तर मोठ्या संख्येने माणसं तपासावी लागतात. हैदराबादच्या सीसीएमबीने २०१५ मध्ये ते पाऊल टाकलं. ३,४१६ पुरुषांतून निवडलेल्या २६२ जणांच्या संपूर्ण जनुकसंचावर चिन्हं शोधली.

त्याच वर्षी पुण्याच्या गटाचं, माझ्या मते, सर्वांत थेट उपयोगाचं काम प्रसिद्ध झालं. योगिता घोडके, चोप्रा, पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या भारतीय रुग्णांची जनुकं तपासली. हे औषध पेशीत शिरून फोलिक आम्लाच्या साखळीतली विकरं अडवतं. ते किती शिरेल, आत किती टिकेल, किती बाहेर फेकलं जाईल हे त्या साखळीतल्या जनुकांच्या बारीकसारीक फरकांवर ठरतं. त्यांना काही फरक औषध लागू पडण्याशी जुळलेले दिसले, तर काही दुष्परिणामांशी. आधी त्यांनी निरोगी भारतीयांत हे फरक किती आढळतात तेही पाहिलं होतं, आणि ते युरोपातल्या आकड्यांशी सगळीकडे जुळत नव्हते. म्हणजे पहिल्या बाईला मेथोट्रेक्सेट द्यावं का, या प्रश्नाचं उत्तर लंडनच्या तक्त्यातून जसंच्या तसं उचलता येणार नाही.

जगभर याच काळात संख्या झपाट्याने वाढत होत्या. २०१४ मध्ये ओकाडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपीय आणि आशियाई वंशाच्या मिळून एक लाखाहून अधिक माणसांच्या जनुकांची तुलना करून आमवाताशी जुळणाऱ्या शंभरेक जागा नोंदवल्या. त्यातले आशियाई मुख्यतः पूर्व आशियातले. भारतीयांसाठी दिल्ली विद्यापीठाच्या डॉ. बी. के. थेल्मा यांच्या गटाने २०१३ मध्ये ७०६ रुग्ण आणि ७६१ निरोगी माणसांवर काम करून एआरएल१५ ही आधी न सापडलेली जागा दाखवली. पंधराशे माणसांतून नवं काही हाती येतं, याचा अर्थ आपल्या लोकांत अजून बरंच शोधायचं बाकी आहे.

२०२१ साली लॅन्सेटमध्ये आलेली एक चाचणी या प्रवासातला मोठा टप्पा मानली जाते. पाच युरोपीय देशांतल्या १९ केंद्रांवर, आधीच्या महागड्या औषधांनी गुण न आलेल्या १६४ आमवाती रुग्णांच्या सांध्याच्या अस्तराचा बारीक तुकडा काढला. त्यात संरक्षणव्यवस्थेतल्या बी पेशी कमी असतील तर बी पेशींना मारणारं रिटक्सिमॅब काय कामाचं, असा तर्क होता. सूक्ष्मदर्शकाखाली पाहून रुग्णांची वाटणी केली तेव्हा रिटक्सिमॅब आणि टॉसिलिझुमॅब या दोन औषधांत ठोस फरक दिसला नाही. त्याच तुकड्यातल्या आरएनएची मोजणी करून संगणकाने वाटणी केली तेव्हा मात्र दिसला. बी पेशी कमी असलेल्यांत टॉसिलिझुमॅबने ६३ टक्क्यांना गुण आला, रिटक्सिमॅबने ३६ टक्क्यांना. डोळ्याला न दिसणारा भेद आकड्यांनी दाखवला.

त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या एका अभ्यासाने मला अधिक अस्वस्थ केलं, आणि इथे लँकेशायरच्या त्या पट्टीकडे वळावं लागतं. अमेरिकेत ऑस्टिओआर्थ्रायटिस इनिशिएटिव्ह नावाचा एक मोठा नोंदसंग्रह आहे. ४,७९६ माणसांचे गुडघे त्यांनी वर्षानुवर्षं एक्स-रे, एमआरआय आणि प्रश्नावल्यांनी टिपले. त्यात दिसायचं की एक्स-रेवर सारखीच झीज असूनही कृष्णवर्णीय रुग्ण जास्त दुखतं म्हणून सांगतात. एक सोपं उत्तर असं की दुखणं त्यांच्या मनाचं, परिस्थितीचं, गुडघ्याचं नव्हे. एमा पिअरसन आणि सहकाऱ्यांनी संगणकाला वेगळं काम दिलं. डॉक्टरने दिलेली श्रेणी शिकू नको, रुग्णाने सांगितलेलं दुखणं शिक. एक्स-रेतल्या कोणत्या खुणा त्या दुखण्याशी जुळतात ते शोध. केलग्रेन-लॉरेन्स श्रेणी वंशावंशांतल्या दुखण्याच्या फरकाचा ९ टक्के भाग उलगडत होती. नव्या पद्धतीने ४३ टक्के उलगडला. म्हणजे खूण गुडघ्यातच होती. जुनी पट्टी ज्यांना पाहून बनली त्यांच्यात ती खूण बहुधा ठळक नव्हती, म्हणून पट्टीला ती दिसत नव्हती. शस्त्रक्रिया कोणाची करायची हे अंशतः त्या पट्टीवर ठरतं, म्हणून अनेकांवर अन्याय झाला असणार.

आता विचार करा, ही पट्टी उकिडवं बसून भांडी घासणाऱ्या, मांडी घालून जेवणाऱ्या, डोक्यावर हंडा आणि पाठीवर पोतं वाहणाऱ्या गुडघ्याला किती लागू आहे? भारतात गुडघ्याची आणि इतर सांध्यांची झीज असलेल्यांचा अंदाज १९९० मध्ये सुमारे २.३ कोटी होता, २०१९ मध्ये तो ६.२ कोटींवर गेला. एवढ्या मोठ्या समूहासाठी संगणकाला शिकवायचं तर त्याला शिकण्यासाठी या समूहाचं दुखणं लिहिलेलं हवं. पिअरसन यांच्या कामात यंत्राचा भाग नंतरचा होता. त्याआधी रुग्णाला 'किती दुखतं' हे नीट विचारून लिहून ठेवलेलं होतं, आणि वेगवेगळ्या समाजांतली माणसं त्यात होती. भिगवणने नेमकं हेच केलं होतं, पाव शतक आधी.

आज साधनं त्या काळाच्या कितीतरी पुढे आहेत. गावोगावी आशा ताई आहेत, त्या १९९६ मध्ये नव्हत्या. २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशनमुळे आरोग्याचा एक क्रमांक मिळतो आणि त्याखाली कागद एकत्र राहू शकतात. जीनोम इंडिया प्रकल्पाने १० हजार निरोगी भारतीयांचे जनुकसंच वाचले, ८०हून अधिक समाजगटांतून, आणि जानेवारी २०२५ मध्ये ही माहिती संशोधकांसाठी खुली केली. हा फार मोठा पाया आहे. पण निरोगी माणसांचा जनुकसंच हा तुलनेचा एक हात असतो. दुसरा हात रुग्णांचा, आणि तोही नुसता 'आमवात' असा शिक्का मारलेला नव्हे. सकाळचा ताठरपणा किती मिनिटं, कोणते सांधे, कोणतं औषध कधी सुरू केलं, तीन महिन्यांनी काय झालं, सोडलं तर का सोडलं, असा सगळा लिहिलेला. आशा ताईंचा घरोघरीचा फॉर्म आज मुख्यतः मधुमेह, रक्तदाब आणि कर्करोग शोधण्यासाठी आहे. त्यात शरीराची एक आकृती आणि तीन प्रश्न वाढवणं अशक्य नाही. गेल्या सात दिवसांत दुखलं का, सकाळी मूठ वळायला किती वेळ लागतो, आणि आधी ताप येऊन गेला होता का. त्या कामाचा वेगळा मोबदला त्यांना मिळाला पाहिजे, आणि नोंद कोण पाहणार हे घरच्यांना आधी समजावून सांगितलं पाहिजे, हेही तितकंच खरं. दार उघडतं ते विश्वासावर, आणि ८९ टक्के प्रतिसाद हुकमाने मिळत नाही.

किती माणसं लागतील याचा हिशेब भिगवणच्याच आकड्यांवरून मांडता येतो. चार हजार प्रौढांत आमवाताचे वीसेक रुग्ण. मेथोट्रेक्सेट कोणाला लागू पडेल यावर ठाम काही म्हणायचं तर किमान पाचशे रुग्ण, उपचाराच्या नोंदींसह, हाताशी हवेत. ०.५ टक्क्यांच्या हिशेबाने त्यासाठी एक लाख प्रौढांना विचारावं लागेल. मराठवाड्यातल्या एखाद्या मध्यम तालुक्यात एवढे प्रौढ असतात. भिगवणच्या रीतीने तिन्ही टप्पे बरोबर चालवले, प्रत्येक पाच-सहा गावांमागे एक पथक ठेवलं, आणि तपासणीला महिन्यातून ठरावीक दिवशी तालुक्याच्या रुग्णालयात संधिवाताचा डॉक्टर आणला, तर हे काम एका तालुक्यात दोन वर्षांत होण्यासारखं आहे. त्यातून सापडलेल्या पाचशे जणांना औषध सुरू होईल ते पाहणीच्या पहिल्या महिन्यापासूनच, जनुकांचा निकाल येण्याची वाट न पाहता.